इवाओकाकांचा खार आणि आमचं सभ्य शहर

आमच्या शेजारचे इवाओ हामासाकी माणूस म्हणून सोन्यासारखे. पण त्यांच्या हातचं जे काही बरणीत बसून आमच्या दारात यायचं, त्याला सोनं म्हणायची माझी तयारी नाही. ते काय होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे जेवत जेवत वाचणाऱ्यांना ताट बाजूला सारता येईल. समुद्रकाकडी नावाचा एक लिबलिबीत, काळपट जीव आमच्या खाडीच्या तळाशी चिखल गिळत पडलेला असतो. थंडीत त्याला वर काढायचं, चिरून पोट दाबायचं, की आतून पिवळसर दोऱ्यांसारखी आतडी निघतात. ती मीठ घालून खारवायची, की झाला खार. हा आमच्या ओकिनोसे बेटाचा जुना मेवा. नीट जमला तर गरम भातावर चिमूटभर पुरतो आणि माणूस डोळे मिटून घेतो. इवाओकाकांचा खाल्ला तरी माणूस डोळे मिटायचाच. कारण मात्र वेगळं असायचं.

खरं तर ही कला त्यांच्या बायकोची, सुमिएकाकूंची. काकू आतड्याचा एकेक दोरा दोन बोटांत धरून त्यातला चिखल निपटून काढायच्या, समुद्राच्या पाण्यात धुवायच्या, नाकाशी न्यायच्या, आणि जरा शंका आली की सरळ गटारात. मांजरं त्यांच्या मोरीबाहेर रांग लावून बसायची. निळ्या झाकणाच्या चिनीमातीच्या छोट्या बरण्या भरून त्या आळीत वाटायच्या, आणि त्या दिवशी आळीत भात जास्त लागायचा.

काका तेव्हा कुठे होते? समुद्रावर. वाळू वाहणाऱ्या जहाजांच्या इंजिनखोलीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. नवीन वर्षाला आणि पितरांच्या दिवसांत घरी यायचे, बाकी वर्षभर डिझेलच्या धुरात. निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा धक्क्यावरच्या बाईनं त्यांना पाहुणे समजून बेटाचा नकाशा दिला होता. तो त्यांनी चष्मा लावून वाचलाही. आळीतले पाण्याचे पंप, माझ्या पार्लरमधले केस वाळवायचे जुने टोप, सगळं ते फुकट दुरुस्त करून द्यायचे. फक्त एक वस्तू जहाजावरच राहून गेली होती: नाक. त्यांना वासच येत नसे. गुलाब आणि सडका माकूळ त्यांना सारखेच. काकू असताना त्याचं काही अडत नव्हतं. दोघांच्या वाटचा वास त्या एकट्या घ्यायच्या.

काकू गेल्या एका शरद ऋतूत, फार दुखणं न काढता. अंत्यविधीला आमच्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष ओगाता काकांपुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, "आता सुमिए-सानच्या हातचा खार आम्हाला कुठून मिळायचा!" हे वाक्य बोलायचं असतं म्हणून बोललेलं होतं. ज्या घरात माणूस गेलं तिथे असलं काहीतरी बोलतात, मग घरी जाऊन चहा पितात. पण काकांना आमचं जमिनीवरचं बोलणं कुठून कळणार? इंजिनाच्या आवाजात माणसं कामापुरतंच बोलतात. त्यांनी ते मनावर घेतलं आणि डिसेंबर लागताच बादली घेऊन धक्क्यावर गेले.

पहिली बरणी माझ्याकडे आली. शेजारी ना मी! झाकण उघडलं आणि माझ्या नवऱ्यानं आतल्या खोलीतून विचारलं, "संडास तुंबला का गं?"

आता यात काय काय झालं होतं ते मी नंतर शोधून काढलं. एक, चिखल अर्धवट निपटलेला. दोन, बिघडलेलं कुठलं आणि चांगलं कुठलं हे सांगायला नाक नाही. आणि तीन, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं होतं. काकांनी विचार केला, आळीतही सगळे म्हातारेच, त्यांचंही भलं होऊ दे. खारातलं मीठ निम्मं केलं! इंजिनात तेल निम्मं घातलं असतं कोणी, तर याच माणसानं त्याला समुद्रात ढकलला असता.

दुसऱ्या दिवशी काका कुंपणापाशी उभे. इस्त्रीचा रुमाल, हातात झाडू. आमच्यापुढचा रस्तासुद्धा तेच झाडायचे.

"कसा झालाय, चिगुसा?"

"गटार," मी म्हटलं. "बंदरामागचं, उन्हाळ्यातलं."

काका पोट धरून हसले. "सुमिए सांगायची तशीच आहेस तू!"

मी फाटक्या तोंडाची म्हणून आळीत प्रसिद्ध. पर्म करायला येणाऱ्या बायकांना मी कोबी म्हणते, नवऱ्याला ओंडका म्हणते, अध्यक्षांना तोंडावर 'शंख' म्हणते. त्यामुळे मी खरं बोलले की लोक हसतात. आणि जे खोटं बोलतात त्यांना आमच्याकडे सभ्य म्हणतात. काकांना आळीतल्या प्रत्येकानं सांगितलं, "अगदी सुमिए-सानच्या हातची चव." दंतवैद्यानं सांगितलं, पुरोहितांनी सांगितलं, अध्यक्षांनी तर वाकून सांगितलं. एकानंही खाल्लं नव्हतं.

मग ते करत काय होते? आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि दिलेलं अन्न फेकलं असं कोणाला दिसता कामा नये. कचऱ्याची पिशवीही पारदर्शक, वर घराचं नाव लिहिलेलं. मग उरतो एकच रस्ता: पुढे ढकला. मला शंका होतीच, म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात आलेल्या बरणीच्या झाकणाला आतून नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि गंमत म्हणून ती स्वतः नेऊन अध्यक्षांना दिली. "अरे वा, सुमिए-सानचा खार!" म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, श्वास रोखून.

त्यानंतर त्या बरणीनं जेवढं शहर पाहिलं तेवढं आमच्या महापौरांनीही पाहिलं नसेल. शहर म्हणायचं आपलं. पाच गावं कागदावर एकत्र केली आणि एक मोठी नगरपालिका बांधली, तिचं झालं शहर. अख्ख्या शहरात रस्त्यावरचा सिग्नल एक, तोही शाळेसमोर, पोरं समुद्रापलीकडे मोठ्या गावात गेल्यावर बावचळू नयेत म्हणून. तर अध्यक्षांकडून बरणी गेली दंतवैद्याकडे. त्यांच्याकडून दवाखान्यात, ज्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं त्यांच्याच टेबलावर! डॉक्टरांनी ती डोंगरावरच्या देवळात दिली, पुरोहितांनी बोटीच्या तिकीटखिडकीत. तिथून ती बसमध्ये बसून बेटाच्या पाठीमागच्या हिगाशिहामाला, संत्र्यांच्या बागा आहेत तिकडे, कोणाच्या तरी सासूकडे. माझ्या पार्लरमध्ये बायका टोपाखाली बसून सांगायच्या, "आमच्याकडे काल खार आला हो, काय सुरेख!" आणि मी विचारायची, "झाकणाला आतून लाल आहे का काही?" की त्या मासिकात तोंड खुपसायच्या. एक जण म्हणाली, "मला वाटलं रक्त."

वसंत ऋतूत एका सकाळी माझ्याच पायरीवर एक गाठोडं. वर चिठ्ठी नाही, काही नाही. सोडलं तर निळं झाकण, आत लाल ठिपका, आणि जे आत होतं ते... जाऊ दे. हिरवं झालं होतं, एवढंच सांगते. आमच्या दारचं मांजर जवळ आलं, हुंगलं, आणि त्यानंतर आठवडाभर त्या पायरीवर बसलं नाही. एवढ्या माणसांतून फिरून आलेली ती बरणी आणि आतल्या मालाला कोणी बोटही लावलं नव्हतं. मला त्या खारापेक्षा त्या अख्ख्या फेरीची किळस आली. मी ते समुद्रात ओतलं आणि समुद्राची माफी मागितली.

हे असंच चालू राहिलं असतं. पण सेगावासाहेब मधे आले. हे नगरपालिकेच्या पर्यटन विभागाचे प्रमुख, डोंगरापलीकडच्या नव्या वसाहतीत राहणारे, त्यामुळे आमच्या आळीचं त्यांना ठाऊक नाही. पाचही गावांना आपलंसं वाटेल असं एक खाद्य शोधायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पुढच्या हिवाळ्यात साहेब दात दाखवायला गेले, तिथे निळ्या झाकणाची बरणी. दवाखान्यात गेले, बरणी. देवळात, तिकीटखिडकीत, हिगाशिहामाला सासुरवाडीत, सगळीकडे बरणी! आणि जो तो हात जोडून सांगतोय, "सुमिए-सानच्या हातची चव." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. जे पाच गावांचे पुढारी करू शकले नाहीत ते एका बरणीनं केलं! त्यांना कोणी सांगावं, की साहेब, ती एकच बरणी आहे, ती तुमच्या पुढे पुढे पळतेय?

साहेब काकांकडे आले. मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते, म्हणजे ऐकत होते.

"शहराचा वर्धापनदिन आहे, हामासाकी-सान. ओसाकाहून एका मोठ्या दुकानाच्या खरेदीबाई येणार आहेत. आपला खार त्यांना आवडला तर ओकिनोसेचं नाव होईल."

काकांनी हातातला झाडू कुंपणाला टेकवला. मग म्हणाले, "माझं नाव नको. बरणीवर 'सुमिएचा खार' असं लिहाल?"

"लिहू की! मोठ्या अक्षरांत."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. आतापर्यंत घाण बरणीत होती. आता तिच्यावर काकूंचं नाव चिकटणार होतं. ज्या बाईनं शंका आली की आतडं गटारात टाकलं, तिच्या नावानं ओसाकाच्या बाईच्या तोंडात हा चिखल जाणार!

संध्याकाळी पाचला घराघरातल्या नगरपालिकेच्या कर्ण्यावर नेहमीची धून वाजली आणि मागोमाग घोषणा झाली: इवाओ हामासाकी यांचा 'सुमिएचा खार', वर्धापनदिनी, सभागृहात, सर्वांनी यावे. संपलं. आमच्याकडे कर्ण्यावर आलेली गोष्ट देवालाही मागे घेता येत नाही.

आळीच्या मंडळाची बैठक भरली. तांदळाचे कुरकुरीत पापड मधे ठेवलेले, कोणी हात लावेना.

"कोणीतरी त्यांना सांगायला हवं," दंतवैद्य म्हणाले.

"तुम्हीच सांगा, चिगुसाताई," अध्यक्ष दातांतून हवा ओढत म्हणाले. "तुमचं कोणाला वाईट वाटत नाही."

"का? मी काय माणूस नाही?"

"तसं नाही हो. आम्ही सांगितलं तर आजवर खोटं बोललो असं होईल."

"मग काय खरं बोललात?"

यावर सगळ्यांनी एकदम पापड उचलले. आणि कडाकडा चावत बसले! तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या पार्लरमध्ये टोपाची वायर जोडत होते. मी दुकानाची पाटी उलटी केली, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "काका, आज थट्टा नाही. तुमच्या खाराला घाण वास येतो. मेलेल्या मांजरासारखा. कोणी खात नाही. लोकांसमोर नेऊ नका."

काकांनी पेचकस खाली ठेवला. त्यांच्या गालावरच्या सुरकुत्या हळूहळू वर गेल्या. "पहिल्या वर्षी गटार होतं. आता मांजर! चढती कमान आहे की."

"काका, खरंच सांगते."

"तू खरंच सांगतेस हे मला माहीत आहे," ते मायेनं म्हणाले. "सुमिए म्हणायची, चिगुसा शिव्या घालतेय तोवर घरात सगळं ठीक आहे असं समजायचं. ज्या दिवशी ती गोड बोलेल, त्या दिवशी काहीतरी भयंकर झालेलं असेल."

मी त्यांना ओंडका म्हटलं. ते आणखी खूश झाले.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. आळी झाडून सगळी हजर, कारण न जावं तर उद्या त्याचीही चर्चा. भिंतीला लाल-पांढरा पडदा, टेबलांवर अंगठ्याएवढे पेले, प्रत्येकात चमचाभर खार. दारात पाऊल टाकलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. खिडक्या थंडीमुळे बंद! एवढी माणसं त्या वासात बसून एकमेकांकडे बघून मंद हसत होती. मला वाटलं, वेड्यांच्या इस्पितळातही एखादा तरी ओरडला असता.

काका व्यासपीठावर. लग्नातला सूट अंगात, तो खांद्यांना सैल झालेला. शेजारी निळ्या झाकणाच्या बरण्यांचा मनोरा, प्रत्येकीवर छापलेलं काकूंचं नाव. ओसाकाहून आलेल्या तात्सुमीबाई बुटक्या, जाड चष्म्याच्या, कामाशी काम असणाऱ्या. सेगावासाहेबांचं भाषण संपल्यावर त्यांनी पेला उचलला, नाकाशी नेला, आणि तसाच टेबलावर ठेवला.

"माफ करा," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "हे खराब झालंय. कोणी खाऊ नका."

एवढं सोपं होतं ते! हे एक वाक्य आमच्या अख्ख्या शहराला इतक्या हिवाळ्यांत बोलता आलं नव्हतं. आणि मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! अध्यक्ष उभे राहिले. घशातून आवाज काढला, पेला उचलला आणि गिळला. "अप्रतिम," म्हणाले, डोळे पांढरे करून. मग महापौरांनी गिळला. त्यांना काय माहीत, त्यांना वाटलं हाच शिष्टाचार. मग दंतवैद्याचा हात पेल्याकडे जायला लागला. पाहुणीसमोर आपल्या माणसाची लाज राखायची म्हणे! समोर माणूस जिवंत उभा आहे, त्याच्या बायकोचं नाव मागे मोठ्या अक्षरांत छापलंय, आणि हे एकेक घाण गिळून तिला 'अप्रतिम' म्हणतायत.

काका तात्सुमीबाईंकडे बघत नव्हते, अध्यक्षांकडेही नाही. ते पहिल्या रांगेत मला शोधत होते.

"चिगुसा," ते म्हणाले. समोर माईक होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "तू सांग. कसा झालाय?"

सगळी माझ्याकडे वळली. मी 'गटार' म्हटलं असतं तर सगळी हसली असती, काकाही हसले असते, आणि तो मनोरा विकायला ओसाकाला नाही तरी घराघरात गेलाच असता. मी उभी राहिले. कमरेत वाकले, अध्यक्ष वाकतात तेवढी.

"फारच छान झालाय, काका," मी म्हटलं. "अगदी सुमिएकाकूंच्या हातची चव."

जन्मात एवढं ओंगळ वाक्य मी बोलले नव्हते. जिभेवर खारच ठेवल्यासारखं वाटलं.

काका हसायला निघाले आणि मधेच थांबले. माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सभागृहावर नजर फिरवली, त्या सगळ्या मंद हसणाऱ्या तोंडांवरून, आणि त्यांचा चेहरा सुटकोट घातलेल्या म्हाताऱ्याचा झाला. तोवर तो इंजिनवाल्याचा होता. ते व्यासपीठावरून उतरले आणि टेबलाटेबलापाशी जाऊन लोकांच्या हातातून पेले काढून घ्यायला लागले.

"द्या. राहू द्या. द्या इकडे."

दंतवैद्यानं पेला सोडायला जरा वेळ लावला, मानपानाचं काय म्हणून. काकांनी तो ओढून घेतला. शेवटी बरण्यांवरचं नाव त्यांनी नखानं खरवडायला घेतलं. ते निघेना, म्हणून सगळ्या बरण्या सुटाच्या कोटात गुंडाळून छातीशी धरल्या आणि दारातून बाहेर पडले. सेगावासाहेब मागून धावले, "हामासाकी-सान, काही गैरसमज..." त्यांच्या तोंडावर दार लागलं.

अध्यक्ष पुढचे दोन दिवस संडासात होते. मी विचारायला गेले तर म्हणाले, "कालवं बाधली." अजूनही! आणि काकांच्या पायरीवर दुसऱ्या सकाळी बघते तर घराघरात अडकलेल्या जुन्या बरण्या ओळीनं मांडून ठेवलेल्या, लख्ख घासलेल्या. दार एकानंही वाजवलं नव्हतं. प्रत्येक बरणीत मात्र एकेक संत्रं होतं, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं. मी थुंकले. काकांनी ती संत्री उचललीच नाहीत. ती तिथेच सुकली.

वर्षभर काका माझ्याशी बोलले नाहीत. रस्ता झाडायचे तो आपल्या कुंपणापर्यंत. माझा टोप बिघडला तर मी समुद्रापलीकडून माणूस बोलावला, त्यानं आणखी बिघडवला.

यंदा डिसेंबरात मी एका कोबीच्या डोक्याला गुंडाळ्या लावत होते. दार उघडलं आणि एका हातात बादली, दुसऱ्या हातात पदराआड लपवावं तसं कापडाखाली झाकलेलं तबक घेऊन काका आत आले. टोपाखालची बाई किंचाळली.

"चिगुसा," ते म्हणाले, "नाक दे."

"काय?"

"सुमिएचं नाव मला धुवून काढायचंय. माझ्याकडे नाक नाही. तुझ्याकडे आहे, आणि तुझं खोटं मला ओळखता येतं." त्यांनी कापड काढलं. वाट्यांत वेगवेगळी आतडी, धुतलेली, पूर्ण मिठाची. "एकेक सांग."

तेव्हापासून रोज सकाळी, न्याहारी पोटात असताना, माझं हे काम. मी पहिली वाटी नाकाशी नेते.

"शी!"

"फेकू?"

"फेका. जमिनीत पुरा."

दुसरी.

"बंदर. भर उन्हाळा."

काका फेकतात, पुन्हा धुतात, पुन्हा आणतात. माझ्या पर्मच्या औषधाला आता आतड्यांचा वास येतो आणि आतड्यांना पर्मचा. बायका येईनाशा झाल्यात. काल एक वाटी मी हुंगली, पुन्हा हुंगली, मग काडीनं दोराभर जिभेवर ठेवला.

"हं," मी म्हटलं. "एवढं काही वाईट नाही."

काकांनी हातातली बादली खाली ठेवली. चेहरा पांढरा पडला. "गोड बोलतेस? काय झालंय?"

"वाईटच आहे हो," मी खेकसले. "बुळबुळीत, खारट, आणि चिखलाची कचकच अजून दाताखाली येते. पण ही फेकू नका."